गोळी लागली, निकाल यायचाय: हरणांचा झिजरोग आणि आपण शिकारी

मचाणवाला · ३० नोव्हेंबर

गेल्या वर्षापासून हा धागा काढायचा म्हणतोय. आमच्या फ्रीझरमध्ये सध्या एका मादीचं मांस पडून आहे. प्रत्येक पिशवीवर नमुन्याचा क्रमांक लिहिलाय आणि निकाल अजून आलेला नाही. म्हणून आज बसलोच लिहायला.

मी विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागात राहतो. शिकार मला शेजारच्या शेतकऱ्यांनी शिकवली. आयुष्यभर दुभती जनावरं सांभाळलेला माणूस, वय ७८. आमच्या घरात सगळे त्यांना आबाच म्हणतात, म्हणून इथेही आबाच लिहितो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी पहाटे चारला आम्ही दोघं भगवी जॅकेटं चढवून त्यांच्या रानाच्या कडेच्या मचाणावर जाऊन बसतो. बारा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी आबांनी आठ टोकांच्या शिंगांचा नर पाडला. दातांची झीज पाहून त्यांनी वय साडेतीन वर्षं सांगितलं. सोलताना पाठीवर बोटभर चरबी होती, कातडी चकचकीत, पाय भरलेले. एवढं सुदृढ जनावर मी तरी पाहिलेलं नव्हतं. शिंगं करवतीने काढून, मानेचा चार बोटं भाग ठेवून डोकं पिशवीत घातलं, अर्ज भरला आणि चाचणीच्या किऑस्कमध्ये, म्हणजे डोकी जमा करायच्या पेटीत, ठेवून आलो. मांस मात्र आबांनी दोन दिवसांत वाटून टाकलं. लेकीकडे, चर्चमधल्या दोन घरी, थोडं आमच्याकडे. त्यांची चाळीस वर्षांची रीतच ती.

बाराव्या दिवशी फोन आला. सीडब्ल्यूडी. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणाला आतून झिजवून मारणारा रोग.

आबा स्वतः गाडी काढून घरोघरी गेले आणि पिशव्या परत मागून घेतल्या. एका घरी दोनदा शिजवून झालं होतं, तेही लहान मुलांच्या ताटात. ती माणसं एका शब्दाने रागावली नाहीत. पण आबा घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. आजीने सांगितलं, रात्री उठून स्वयंपाकघरात नुसते बसत होते.

लोक विचारतात की आजार हरणाला, तर शिकाऱ्याला काय होतं? हे होतं. ज्या माणसाने आयुष्यभर अभिमानाने दुसऱ्याच्या घरी मांस दिलं, त्याला ते हात जोडून परत मागावं लागतं. पूर्वी गोळी लागली, जनावर घरी आणलं की शिकार संपायची. आता निकाल हातात आल्याशिवाय ती संपत नाही.

इथे बरेच जण शिकार करणारे आहेत. तुमच्या भागात काय चाललंय, तुम्ही काय करता, मोकळेपणाने लिहा.

कोलोरॅडोची_वाट · ३० नोव्हेंबर

वाचून पोटात तुटलं. माझा तर रोगाच्या माहेरीच मुक्काम. १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात कोंडून ठेवलेल्या म्यूल डियर हरणांमध्ये हा पहिल्यांदा दिसला. तेव्हा वाटलं होतं की कोंडल्यामुळे खंगत असतील. १९८१ मध्ये रानातल्या एल्कमध्ये सापडला आणि ती समजूत गेली. आज ३० हून जास्त राज्यांत आहे, वर कॅनडात.

आबांना माझा नमस्कार सांगा. मांस परत मागायला जाणं सोपं नाही.

नमुनापेटी · १ डिसेंबर

मी पशुरोग प्रयोगशाळेत काम करते. हंगाम संपल्यावर आमच्याकडे नमुन्यांचा नुसता पाऊस असतो. धाग्यात थोडी माहिती घालते, कारण शिकारी मंडळींचे फोन घेताना तेच तेच प्रश्न येतात.

हा रोग विषाणूचा नाही, जंतूचाही नाही, प्रियॉनचा आहे. प्रियॉन म्हणजे चुकीच्या घडीचं प्रथिन. तेच प्रथिन नीट घडी होऊन प्रत्येक हरणाच्या शरीरात असतंच. चुकीच्या घडीचा एक कण आला की तो शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखं वळवतो, तो पुढच्याला. दुधात विरजणाचा थेंब पडावा आणि सकाळपर्यंत भांडंभर दही व्हावं, तसं. फरक एवढाच की इथे सकाळ व्हायला साधारण दीड-दोन वर्षं लागतात. त्या काळात हरीण धावतं, माजावर येतं, पिल्लं देतं, चरबी धरतं. आणि लाळेतून, मूत्रातून, लेंड्यांतून रोग पसरवत राहतं. लाळ गाळणारं, कान पाडून उभं राहिलेलं, हाडं दिसणारं हरीण फोटोत असतं, पण तो शेवटच्या काही आठवड्यांचा प्रकार. आमच्याकडे येणारी बहुतेक बाधित डोकी आबांच्या नरासारख्याच धडधाकट जनावरांची असतात.

प्रियॉनमध्ये डीएनए-आरएनए काहीच नसल्यामुळे नेहमीचे उपाय त्याच्यापुढे चालत नाहीत. शिजवून जात नाही, गोठवून जात नाही. मातीत पडला तर वर्षानुवर्षं टिकतो, चिकणमातीला तर चिकटूनच बसतो. लागण झालेलं हरीण वाचत नाही. लस नाही, औषध नाही.

चाचणी जिभेच्या मुळापाशी, घशाच्या मागे असलेल्या लसिका गाठींवर होते. शिवाय मेंदू जिथे मज्जारज्जूला मिळतो तिथला छोटा तुकडाही घेतात. म्हणून तर मानेचा भाग ठेवून डोकं मागतात. कृपा करून मान अगदी जबड्यापाशी कापू नका. गाठी कापल्या जातात आणि तुमचा नमुना वाया जातो.

आणखी एक. आम्ही अहवालात "रोग नाही" असं लिहीत नाही, "आढळला नाही" असं लिहितो. लागण अगदी ताजी असेल तर गाठींमध्ये अजून काही दिसत नाही. चाचणीचा उपयोग मोठा आहे, पण तिच्यावर हमीचा शिक्का नाही.

चार_भिंती · १ डिसेंबर

मी शिकार करत नाही, नवराही नाही. पण शेजारी दरवर्षी हरणाचे सॉसेज देतात. गेल्या महिन्यात माझ्या पाच वर्षांच्या मुलाने ते आवडीने खाल्ले. हा धागा वाचल्यापासून जिवाला चैन नाही. चाचणी केली होती का, असं शेजाऱ्यांना विचारलं तर त्यांना वाईट वाटेल का? आणि केली नसेल तर मुलाला डॉक्टरकडे नेऊ का?

नमुनापेटी · १ डिसेंबर

ताई, आधी मुलाबद्दल. आजपर्यंत माणसाला हरणापासून सीडब्ल्यूडी झाल्याची एकही सिद्ध झालेली केस नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका मोठ्या जेवणावळीत बाधित हरणाचं मांस अजाणता वाढलं गेलं होतं. नंतर त्यातल्या ८१ जणांचा सहा वर्षं पाठपुरावा केला, त्यांच्या तब्येतीत या रोगाशी जोडता येईल असं काही सापडलं नाही. मुलाची आत्ता करण्यासारखी कुठलीही तपासणी नाही आणि गरजही नाही. शांत झोपा.

शेजाऱ्यांना मात्र जरूर विचारा. चांगल्या शिकाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही. चाचणी झाली नसेल आणि हरीण रोगाच्या भागातलं असेल तर उरलेलं खाऊ नका. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्लाही तोच आहे: अशा भागातलं हरीण तपासून खा, बाधित निघालं तर खाऊ नका.

मचाणवाला · १ डिसेंबर

चार_भिंती, आम्हाला कोणी असं विचारलं असतं तर आबांचे ते दोन दिवस वाचले असते. बेलाशक विचारा.

पाणवठा · २ डिसेंबर

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मी २० वर्षं शिकार करतोय. इतक्या वर्षांत लाखो लोकांनी बाधित हरणं खाल्ली असणार, कोणाला काही झालं नाही. हे दर हंगामाला भीती घालणं चालू आहे, त्याने नवी मुलं शिकारीपासून दूर जाताहेत. माझा पुतण्या परवाना घ्यायलाच तयार नाही, "काका, ते झोंबी हरणांचं प्रकरण आहे ना" म्हणतो. वर्तमानपत्रांनी ते नाव दिलं आणि तेच डोक्यात बसलं. रोग आहे हे मान्य. पण आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय असं वाटतं.

नमुनापेटी · २ डिसेंबर

"झोंबी" या शब्दाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तो शब्द मलाही अजिबात सहन होत नाही. मरणाऱ्या जनावराची विटंबना आहे ती.

पण "कोणाला झालं नाही" याला "होणारच नाही" असं मी समजणार नाही. ब्रिटनमध्ये गाईंचा असाच प्रियॉन रोग (मॅड काऊ) १९८६ मध्ये ओळखला गेला आणि तो माणसात आल्याचं सरकारने जाहीर केलं १९९६ च्या मार्चमध्ये. मध्ये दहा वर्षं गेली, तोवर लोक निर्धास्त खात होते. हरणांच्या बाबतीत पुरावे बऱ्यापैकी दिलासा देणारे आहेत. मोंटानातल्या केंद्रीय प्रयोगशाळेत मकाक माकडांना मुद्दाम लागण करायचा प्रयत्न केला, दशकाहून जास्त काळ नजर ठेवली, रोग दिसला नाही. २०२४ मध्ये तिथल्याच गटाने मानवी पेशींपासून वाढवलेल्या मेंदूच्या छोट्या गोळ्यांवर प्रयोग केले, त्यांनाही लागण झाली नाही. दुसऱ्या एका गटाच्या माकडांवरच्या प्रयोगात मात्र उलट संकेत मिळाल्याचं २०१७ मध्ये सांगितलं गेलं होतं. भिंत जाड आहे, पण तिला भोक नाहीच असं म्हणायला मी धजावत नाही.

कधी कधी बातमी येते की अमुक शिकारी क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाने गेला. हा माणसांचा स्वतःचा प्रियॉन रोग दरवर्षी दर दहा लाखांत एक-दोघांना होतोच. शिकारी माणसंच आहेत, त्यांनाही होणार. नुसत्या त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

जुनं_रान · २ डिसेंबर

पाणवठा म्हणतात त्याला इतिहास आहे. मी २००२ मध्ये इथेच, विस्कॉन्सिनात होतो. आदल्या हंगामात माउंट होरेबजवळ पाडलेल्या तीन हरणांत रोग असल्याचं फेब्रुवारीत कळलं आणि राज्य हादरलं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला तोवर हा नव्हताच. वन्यजीव खात्याने ठरवलं की त्या पट्ट्यातली सगळी हरणं संपवायची, म्हणजे रोगही संपेल. मोसम वाढवले, नेमबाज आणले. जमीनमालक आणि शिकारी बिथरले. जे जनावर आपण पिढ्यान्‌पिढ्या जपून, मोजून मारतो ते उंदरासारखं संपवायचं, हे लोकांच्या गळी उतरलं नाही. अनेकांनी रानाची फाटकं बंद केली. त्या वर्षी बंदुकीचे परवाने जवळपास दहा टक्क्यांनी कमी गेले. काही वर्षांनी ती मोहीम थंडावली.

आज मागे वळून पाहिलं तर मला वाटतं, खातं आणि शिकारी दोघांनीही तेव्हा एकमेकांचं ऐकून घ्यायला हवं होतं. आम्ही सभांना जायचो ते भांडायला. त्या पट्ट्यात आता प्रौढ नरांचं प्रमाण असं आहे की तीन नर पाडले तर त्यातला एक तरी बाधित असेल असं धरूनच चालायचं. हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत वाढलं.

अबोली_ · ३ डिसेंबर

मला खरंच समजून घ्यायचंय. एवढं सगळं आहे तर हरणं मारायचीच कशाला? सोडून द्या ना त्यांना त्यांच्या रानात.

जुनं_रान · ३ डिसेंबर

अबोली, प्रश्न रास्त आहे. इथल्या रानातून लांडगे-प्यूमा आपणच घालवले. उत्तरेत लांडगे थोडे परतलेत, आमच्या शेतीच्या पट्ट्यात जवळजवळ नाहीतच. हरणांची संख्या धरून ठेवायला शिकारीखेरीज फारसं काही नाही, आणि दाटी जितकी जास्त तितकी एकमेकांची लाळ जास्त.

दुसरी गोष्ट पैशाची, जी बाहेरच्यांना दिसत नाही. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे. तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. त्याला परवान्याची फी जोडा. पाणथळी, गवताळ राखीव रानं, पक्ष्यांच्या मोजण्या, यातलं बरंचसं शिकाऱ्याच्या खिशातून चालतं. शिकारी घाबरून घरी बसला तर हरणाच्या चाचणीचा पैसाही आटतो आणि चाचणीला डोकं आणून देणारा माणूसही जातो. रोग कुठे पोहोचला हे कळण्याचा मुख्य रस्ताच शिकारी आहे.

अबोली_ · ३ डिसेंबर

हे माहीत नव्हतं. मन अजून तयार होत नाही, पण समजलं. धन्यवाद.

फ्योर्डकाठी · ३ डिसेंबर

नॉर्वेहून लिहितोय. २०१६ च्या मार्चमध्ये नोर्दफ्येला भागात संशोधक रेनडियरना जीपीएस पट्टे बांधत होते. त्यात एक आजारी मादी मेली, तपासली तर हाच रोग. युरोपातली पहिली केस. सरकारने त्या भागातला रेनडियरचा कळपच काढून टाकायचं ठरवलं, दोन हजारांहून जास्त जनावरं. २०१८ पर्यंत ते पूर्ण केलं. आधी स्थानिक शिकाऱ्यांना संधी दिली, उरलेलं सरकारी नेमबाजांनी केलं. माझ्या ओळखीच्या एका शिकाऱ्याने सांगितलं की शेवटच्या आठवड्यात त्या पठारावर बंदूक घेऊन चालताना हात जड झाले होते, कारण पुढच्या वर्षी इथे कोणीच दिसणार नाही हे माहीत होतं.

आणि मग २०२० मध्ये शेजारच्या हार्दांगरविद्दा पठारावर एक बाधित रेनडियर मिळाला. नॉर्वेतला रानटी रेनडियरचा सगळ्यात मोठा कळप तिथे आहे. लोकांचा धीर खचला नाही, पण आवाज बदलला, हे मी सांगू शकतो.

सुरी_आणि_पाटा · ४ डिसेंबर

जरा हातच्या कामाचं बोलू. मी गेली सहा वर्षं स्वतःचं हरीण स्वतः कापतो, आणि त्याला कारण आहे. त्याआधी एका कसायाकडे द्यायचो. मांस सुटं ठेवा म्हणून चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. सॉसेज घ्यायला गेलो तेव्हा बोलता बोलता कळलं की सॉसेजचा घाणा एकत्रच काढतात, चार-पाच शिकाऱ्यांचं मांस एकात. माझ्या हरणाचा निकाल स्वच्छ होता. पण माझ्या हातात जे होतं ते माझं हरीण नव्हतंच. सगळं टाकून दिलं. चाळीस पौंड. त्या दिवशी गाडीत बसून रडू आलं, खोटं का सांगू.

आता माझी पद्धत अशी. जागेवर आतडी काढतानाच रबरी हातमोजे. हाडात सुरी घालायची नाही, करवत तर नाहीच. मांस हाडावरून सोडवून घ्यायचं. पाठीचा कणा चिरायचा नाही. मेंदू, मज्जारज्जू, डोळे, प्लीहा, लसिका गाठी यांना हात लावायचा नाही. मांडीच्या मागे चरबीत लपलेली वाटाण्यासारखी गाठ असते, ती शोधून चरबीसकट काढायची. पहिल्यांदा मला ती शोधायला वीस मिनिटं लागली होती, आता बोटांनाच कळते.

सुऱ्या आधी घासून मांसाचा कण न्‌ कण काढायचा. मग घरगुती ब्लीच दोन भाग, पाणी तीन भाग, त्यात पाच मिनिटं बुडवून ठेवायच्या. पोलादावर एवढ्याने प्रियॉन निष्प्रभ होतो हे प्रयोगात दिसलंय. मांसाचा कण चिकटून राहिला तर मात्र ब्लीच आत पोहोचत नाही, म्हणून आधी घासणं महत्त्वाचं. लाकडी पाट्याची खात्री देता येत नाही, मी तो बंदच केला.

हाडं-कातडी रानात फेकू नका, दुसऱ्या गावाला नेऊ नका. रोग नव्या जागी जायच्या वाटांपैकी आपल्या पिकअपची मागची बाजू ही एक आहे. बऱ्याच राज्यांत अख्खं धड हद्दीबाहेर न्यायला बंदीच आहे. सरळ कचराडेपोत जाणाऱ्या पेटीत टाका.

पाणवठा · ४ डिसेंबर

दोन भाग-तीन भाग लिहून घेतलं. मी आजवर गरम पाणी आणि साबणावरच भागवत होतो.

मिशिगनकर · ५ डिसेंबर

सीडब्ल्यूडीच्या गडबडीत बाकीचे रोग विसरू नका. आमच्या ईशान्य भागात १९९४ मध्ये पाडलेल्या एका हरणात गोवंशीय क्षयरोग सापडला आणि तिथून पुढे तो कळपांत मुरलेलाच निघाला. हा माणसाला होतो, इथे "सिद्ध झालेली केस नाही" असं म्हणायची सोय नाही. हरणाची आतडी काढताना शिकाऱ्याला लागण झाल्याची नोंद आमच्या राज्यात आहे. छाती उघडल्यावर फासळ्यांच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरे पुळ्यांसारखे ठिपके दिसले तर तिथेच थांबा आणि खात्याला फोन करा.

सीडब्ल्यूडी आणि हा क्षय, दोन्ही रोखायला आमच्याकडे खालच्या द्वीपकल्पात २०१९ पासून आमिष टाकायला बंदी आली. मक्याचा ढीग म्हणजे वीस हरणांचं एक ताट. मला ही बंदी सुरुवातीला जाचक वाटली होती. वडील अपंग, लांब चालू शकत नाहीत, त्यांना ढिगापाशीच बसून एखादं हरीण मिळायचं. पण ढिगापाशी नाकाला नाक लावून खाणारी हरणं कॅमेऱ्यात रात्रभर पाहिली आणि मीच मका बंद केला. वडिलांसाठी आता भाऊ आणि मी हाका करतो.

उन्हाळ्याच्या शेवटी पाण्याकाठी मेलेली हरणं दिसली तर तो बहुधा चिलटांमुळे होणारा ईएचडी. तो माणसाला होत नाही.

मचाणवाला · ९ डिसेंबर

सगळ्यांचे आभार. चार_भिंतींनी मला व्यक्तिगत निरोपात कळवलंय की शेजाऱ्यांनी निकालाचा कागदच आणून दाखवला.

आज सकाळी आमचा निकाल आला. फोनवर मी वाचून दाखवतो म्हटलं तर आबा म्हणाले, इकडे दे. चष्मा शोधला, खिडकीपाशी गेले, क्रमांक पिशवीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. मग खालची ओळ दोनदा वाचली. "आढळला नाही."

दुपारी त्यांनी गेल्या वर्षीच्या त्या घरी फोन केला, जिथे मुलांनी खाल्लं होतं. यंदाचं हरीण तपासलेलं आहे, निकालाचा कागद सोबत आणतो, हवं असेल तर घ्या, नको असेल तर मनात काही आणणार नाही, असं सांगितलं. पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून आबा फ्रीझरपाशी गेले आणि चार पिशव्या बाजूला काढल्या.

आमच्या रस्त्यावरच्या किऑस्कमध्ये पिशव्या आणि अर्ज नेहमी संपलेले असतात. पुढच्या हंगामात त्याची देखभाल आम्ही दोघं घेणार आहोत. जुनं_रान, तुम्ही त्याच बाजूचे असाल तर निरोप टाका. शनिवार-रविवार तिसरा माणूस लागेल.